आपल्या शहरात सायकल रिक्षा आणायची तर: खान्देशातल्या नवख्यांसाठी कामाची वाट

जळगाव स्टेशनवर उतरून फुले मार्केटला जायचं असेल तर ऑटोवाला नाक मुरडतो. अंतर किलोमीटरभराचं. तेवढ्यासाठी अख्खी रिक्षा हलवायची तर भाडं जास्त सांगावं लागतं, आणि शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं तर तेवढ्या वेळात माणूस चालत पोचतो. पण हातात दोन पिशव्या, सोबत गुडघे धरलेली आई आणि वर एप्रिलचं ऊन असलं की चालणं कसलं. भुसावळला, धुळ्याच्या पाचकंदीलला, चाळीसगावला, नंदुरबारच्या मंगळ बाजारात हेच. एक-दीड किलोमीटरच्या या प्रवासासाठी आपल्याकडे धड वाहन नाही. सायकल रिक्षा नेमकी या अंतराची गाडी आहे. पूर्वी टांगा हे काम करायचा. टांगे गेले आणि ती जागा रिकामीच राहिली.

नागपूरकडे पायडल रिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालली, आपल्याकडे ती रुळली नाही. मालाची तीनचाकी सायकल आणि लोटगाडी दाणा बाजारात दिसते, प्रवासी गाडी दिसत नाही. म्हणून एखादं मंडळ, बचत गट, नवा नगरसेवक किंवा सायकल मार्टवाला ही कल्पना घेऊन पालिकेत गेला की पहिलं उत्तर मिळतं, "हे आरटीओचं काम." आरटीओत गेलं की तिथं सांगतात, "हे पालिकेचं." दोघंही अर्धं खरं बोलतात. या दोन दारांमध्ये हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाड्यांची संख्या बांधू नका, जागा बांधा. कुठल्या टापूत, कुठल्या थांब्यावर, कुठल्या रस्त्यावर, एवढं पक्कं केलं की संख्या आपोआप जागेवर येते. नुसती संख्या बांधली की परवान्यांचा बाजार सुरू होतो.

पहिलं काम: कुठली गाडी, ते ठरवा

यावरच पुढची सगळी कागदपत्रं अवलंबून आहेत, म्हणून इथं घाई नको. पर्याय तीन.

निव्वळ पायडलची रिक्षा. हिला इंजिन नाही, मोटर नाही, म्हणून 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही. आरटीओचा पासिंग, नंबर, लायसन्स काहीच लागत नाही. हिचं नियमन पालिकेच्या उपविधींनी, म्हणजे पालिकेनं स्वतः केलेल्या नियमांनी, आणि वाहतुकीच्या आदेशांनी होतं.

पायडलला मोटरची मदत असलेली रिक्षा. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सवलत आहे: मोटर 250 वॅटच्या आतली, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, पायडल थांबलं की किंवा तो वेग गाठला की मोटर बंद पडणारी, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर, धड ब्रेक, आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन 60 किलोच्या आत. एवढ्या अटी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेनं तपासून कागद दिला, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. अशी संस्था आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय आहे. आता बघा, जुन्या पद्धतीची लोखंडी रिक्षा ऐंशी किलोच्या घरात जाते. तिला गल्लीतल्या गॅरेजमध्ये मोटर बसवली की ती या सवलतीबाहेर गेली. मग ना ती सायकल, ना नोंदलेली मोटार. अपघात झाला की पहिला प्रश्न हाच निघतो. म्हणून विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा. "सगळीकडे चालतात भो" हे प्रमाणपत्र नव्हे.

ई-रिक्षा. 2015 च्या दुरुस्तीनं ती मोटार वाहन कायद्यात आली. चालक सोडून चार प्रवासी, 40 किलो सामान, कमाल वेग ताशी 25. आरटीओत नोंदणी लागते आणि चालकाला किमान दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्स काढावं लागतं. 30 ऑगस्ट 2016 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं तिला परमिटमधून सूट मिळाली आहे, पण ठरावीक भागात किंवा रस्त्यांवर बंधन घालायचा अधिकार राज्याकडे ठेवला आहे. ज्यांना हे हवं त्यांनी सरळ आरटीओची वाट धरावी. हा लेख पुढं पहिल्या दोन पर्यायांचा आहे.

चढ मोजा

ही पायरी कुणी करत नाही, आणि सगळं घोडं इथंच पेंड खातं. हिशेब सोपा आहे. 80 किलोची रिक्षा, 60 किलोचा चालक, दोन प्रवासी मिळून 130 किलो, म्हणजे 270 किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 10 किलोमीटरनं ही गाडी ओढायला साधारण 75 वॅट ताकद लागते. धडधाकट माणूस तासन्‌तास तेवढीच देऊ शकतो. आता रस्ता 2 टक्के चढला, म्हणजे 100 मीटरला फक्त 2 मीटर, डोळ्यांना जाणवणारही नाही इतका. तोच वेग ठेवायला 220 वॅट लागतात. तिप्पट. चालकाकडे ते नसतात, म्हणून वेग घसरतो ताशी साडेतीनवर, नाही तर तो खाली उतरून गाडी ढकलतो.

रेल्वेवरच्या उड्डाणपुलाचा चढ सहसा 2 टक्क्यांहून जास्तच असतो. म्हणजे जळगावात शिवाजीनगरचा पूल ओलांडायचा असेल तर निव्वळ पायडलची गाडी विसरा. तिथं मोटरची मदत हवी किंवा टापू पुलाच्या अलीकडे संपवायला हवा. धुळ्यात पांझरेच्या पुलांवर चढणाऱ्या रस्त्यांचंही तेच. मोबाइलवरच्या नकाशात दोन ठिकाणांची उंची मिळते. तिच्यावर पूर्ण भरवसा नको, पण ढोबळ अंदाज येतो. खात्रीची पद्धत म्हणजे मालाची तीनचाकी सायकल घ्या, दोन माणसं बसवा आणि भर दुपारी तो रस्ता स्वतः पायडल मारून बघा. प्रस्तावावर सही करणाऱ्या साहेबांना बसवलंत तर आणखी उत्तम.

टापू आखा आणि थांबे शोधा

सुरुवातीला अख्खं शहर मागू नका. स्टेशन, एसटी स्टँड, बाजार, सरकारी दवाखाना या चौकटीत दीड-दोन किलोमीटरचा एक टापू घ्या. जळगावात स्टेशन–नेहरू चौक–टॉवर चौक–फुले मार्केट–गोलाणी मार्केट हा पट्टा सपाट आणि गर्दीचा आहे. भुसावळात स्टेशन ते बाजारपेठ. अमळनेर, पाचोरा, चाळीसगाव ही शहरं तर एकाच टापूत मावतील अशी.

शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग या टापूत घेऊ नका. ताशी 10 चं वाहन आणि ताशी 60 चा ट्रक एका लेनमध्ये ठेवणं म्हणजे मुद्दाम अपघात मांडणं. महामार्ग ओलांडायचा तर सिग्नल असेल तिथंच, नाही तर भुयारी मार्गानं, हे नियमातच लिहा.

थांब्याची जागा पाहताना ती कुणाच्या मालकीची, हे आधी पाहा. रस्त्याकडेची जागा पालिकेची. एसटी स्टँडच्या आवारातली महामंडळाच्या विभागीय कार्यालयाची. नंदुरबारवाल्यांना त्यासाठी धुळे विभाग गाठावा लागतो. स्टेशनचं आवार रेल्वेचं, आणि इथं खान्देशात एक गंमत आहे. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, धुळे ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात, पण उधना मार्गावरची धरणगाव, अमळनेर, नंदुरबार पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. अमळनेरच्या माणसाला भुसावळ तासा-दीड तासाच्या अंतरावर, पण अर्ज मुंबईला. म्हणून अमळनेर-नंदुरबारवाल्यांनी पहिला थांबा स्टेशनच्या फाटकाबाहेर, पालिकेच्या जागेत मागावा. आतल्या थांब्याचं पत्र चालू ठेवा, पण त्याच्यावर अडून बसू नका.

एका थांब्यावर किती गाड्या, हे तिथं प्रत्यक्ष खडूनं आखून ठरवा. एका गाडीला अडीच मीटर लांबी आणि सव्वा मीटर रुंदी धरली तर चुकत नाही. दुकानाच्या शटरसमोर थांबा आखलात तर व्यापारी पहिल्याच आठवड्यात निवेदन घेऊन पालिकेत. बंद भिंत, शाळेचं कुंपण, पाण्याच्या टाकीची बाजू अशा जागा शोधा. आणि सावली. झाड नसेल तर शेडची मागणी त्याच अर्जात घाला, नंतर कुणी देत नाही.

ऑटोवाल्यांशी आधी बोला

फाईल हलण्याआधी. बातमी त्यांना पेपरातून कळली तर तुमचं काम तिथंच संपलं. "मंग आम्ही काय करानं?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला हसून उडवू नका. उत्तर अंतरात आहे: दोन किलोमीटरपलीकडे पायडलला बंदी, थांबे वेगळे, आणि स्टेशनच्या मुख्य दारातली रांग ऑटोचीच. हे तिन्ही लेखी द्या. संघटनेच्या ज्येष्ठांना, त्यातल्या अण्णा-आबांना, टापूचा नकाशा घेऊन स्टँडवरच भेटा. पालिकेच्या सभागृहात बोलावलं की माणसं भाषणं करतात. काही वयस्क ऑटोचालकांना कर्जाची रिक्षा सोडून हलकी मोटरवाली पायडल परवडू शकते, तेही विचारून बघा.

कुणाच्या दारात काय मागायचं

जळगाव आणि धुळे या महानगरपालिका आहेत. दोन्ही 2003 मध्ये झाल्या. त्यांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू. भुसावळ, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा इथं 1965 चा नगरपरिषदांचा अधिनियम. दोन्हींत उपविधी करायची सोय आहे, पण ते लांबचं काम: मसुदा, सभेची मंजुरी, प्रसिद्धी, हरकती-सूचना, वरची मंजुरी, मग अंमल. तोवर वर्ष सरलं तरी नवल नाही.

म्हणून दोन कागद एकाच वेळी चालवा. एक, उपविधींचा मसुदा. दुसरा, ठरावीक मुदतीच्या प्रयोगाचा साधा ठराव: अमुक टापू, अमुक थांबे, अमुक अटी, सहा महिने. ठराव महापालिकेत आयुक्तांकडे आणि नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे टिपणी होऊन जातो. प्रशासक असेल तर सभेचे अधिकारही त्याच्याचकडे, तेव्हा वेळ वाचतो. पण नंतर येणारी सभा विचारेल, हे ध्यानात ठेवून नगरसेवकांना आधीपासून सोबत घ्या.

कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेळी कुठलं वाहन, हा आदेश पालिकेचा नसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या 33 व्या कलमाखाली रहदारीचे नियम करायचा अधिकार पोलीस आयुक्ताला, आणि आयुक्तालय नसेल तिथं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याला आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, म्हणजे कागद पोलीस अधीक्षक किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि तिथं शहर वाहतूक शाखेचा अभिप्राय मागतातच. तो अभिप्राय आधीच मिळवून जोडलात तर एक फेरा वाचतो.

प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि फाईल निदान टेबलावर येते.

मसुद्यात काय घालायचं

बहुतेक मसुदे इथं बिघडतात, कारण लिहिणारा ऑटो रिक्षाचे नियम समोर ठेवून "ऑटो"च्या जागी "सायकल" टाकतो.

परवाना माणसाला, नंबर गाडीला. दोन्ही वेगळे ठेवा, म्हणजे एक गाडी सकाळी एकानं आणि संध्याकाळी दुसऱ्यानं चालवली तरी अडचण नाही. चालकाचं वय अठरा पूर्ण, डोळे आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी दवाखान्यात, आणि भरलेली गाडी घेऊन वळण, ब्रेक, चढ यांची छोटी चाचणी. आठवी पासची अट घालू नका. तिचा रिक्षाशी संबंध नाही.

रहिवासाची अटही नको. हे काम करायला येणारी माणसं बरीचशी हंगामी असतील. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडची कुटुंबं कामासाठी दर साल गुजरातकडे जातात. त्यातलं कुणी चार महिने नंदुरबारात रिक्षा मारत असेल तर "शहरात पाच वर्षं वास्तव्य" कुठून दाखवणार? आधार आणि ई-श्रम कार्ड पुरे. हंगामी परवाना ठेवा, फी नाममात्र.

संख्येची मर्यादा. दिल्लीत महापालिकेनं सायकल रिक्षांवर 99 हजारांची कमाल मर्यादा घातली होती. रस्त्यावर गाड्या त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे उरलेल्या सगळ्या बेकायदा, आणि बेकायदा म्हटलं की जप्ती, भंगार, हप्ते. मानुषी संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2010 मध्ये ती मर्यादा रद्द केली, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेचं अपील फेटाळलं. हा निकाल टिपणीला जोडा. अधिकारी मर्यादा सुचवतीलच, तेव्हा त्यांना थांब्यावरच्या आखलेल्या जागांचा आकडा द्या; त्यांना आकडा मिळतो आणि तुम्हाला वाढवता येणारी मर्यादा. नवा थांबा आखला की नव्या गाड्या.

मालकीचं कलम नाजूक आहे. रिक्षा भाड्यानं देणारे शेठ नकोत, जो चालवेल त्याचीच गाडी असावी, असं आपल्याला वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पंजाबनं 1975 मध्ये तसा कायदाच केला. पण पैसे नसलेल्या चालकांना त्यातून परवानाच मिळेना, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी कायदा उडवला नाही. बँकेच्या कर्जातून चालकाला मालक करायची योजना निकालातच बसवून दिली. दिल्लीच्या 2010 च्या निकालात मात्र "चालकच मालक हवा" ही सक्तीही टिकली नाही. म्हणून सक्तीचं कलम लिहू नका. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला थांब्यावर आधी जागा आणि फीमध्ये सूट, एवढं लिहा. बाकीचं काम कर्जानं होतं, त्याच्याकडे पुढं येतो.

जप्तीचं कलम तर शब्द न्‌ शब्द स्वतः लिहा. गाडी उचलली तर जागेवर लेखी पावती. किरकोळ दंड भरला की त्याच दिवशी गाडी परत. गाडी तोडायची किंवा लिलावात काढायची तर आधी नोटीस आणि मुदत. हे नसेल तर एका जप्तीत माणसाचा रोजगार बसतो आणि पुन्हा उठत नाही.

गाडीची अंगं: दोन प्रौढ प्रवासी आणि मांडीवरचं एखादं मूल. सामान मोजकं. जुन्या रिक्षेला ब्रेक फक्त पुढच्या चाकाला असतो आणि गिअर नसतो. भरलेली तीनचाकी उतारावर वळली की आतलं चाक उचलतं. म्हणून मागच्या चाकांनाही ब्रेक, दिवा, घंटी, मागं लाल आणि बाजूंना रिफ्लेक्टर, आणि वर्षातून एकदा तपासणी. शाळेची मुलं नेणाऱ्यांना वेगळी नोंद, बाजूला दांड्या आणि मुलांची कमाल संख्या. पालकच सहा-सात पोरं कोंबायला सांगतात, तेव्हा आकडा गाडीवर रंगवून घ्या.

चांगल्या गाडीचे नमुने बघायला लांब जायला नको. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सुधारित पायडल रिक्षा, मोटरच्या मदतीची रिक्षा आणि पूर्ण विजेवरची रिक्षा अशा तिन्ही तऱ्हांवर काम केलं आहे. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेनं केलेली सोलेकशॉ, म्हणजे सौर विजेच्या मदतीची पायडल रिक्षा, 2008 मध्ये दिल्लीत उतरली. स्थानिक फॅब्रिकेटरला काम देताना एकच सांगा: वजन. तो मजबुतीसाठी जाड पाइप घालतो, आणि त्या जाड पाइपाचं बिल चालकाचे गुडघे भरतात.

भाडं

अंतरावर ठेवा आणि गाडीवर रंगवा. न्यूयॉर्कमध्ये पेडिकॅबवाले, म्हणजे तिथले सायकल रिक्षावाले, पर्यटकांकडून मन मानेल तसं उकळत होते, म्हणून तिथं मिनिटाचा दर लावलेला तक्ता आणि वेळ मोजायचं घड्याळ सक्तीचं झालं. लंडनच्या पेडिकॅबना तर 2024 पर्यंत धड परवानाच नव्हता. त्या वर्षीच्या कायद्यानं तिथल्या वाहतूक प्राधिकरणाला परवाना, भाडं, वेग, जागा ठरवायचे अधिकार मिळाले. आपल्याकडे मिनिटाचा दर नको. गर्दीत अडकलं की प्रवाशाचं डोकं फिरतं. टप्पे पाडा: एक किलोमीटरपर्यंत इतके, दोनपर्यंत इतके, सामानाचे वेगळे, रात्री दहानंतर वेगळे.

आकडा काढायची रीत अशी. समजा चालकाच्या हातात दिवसाला 600 रुपये पडायला हवेत. गाडीचा हप्ता 80, पंक्चर-तेलपाणी-देखभाल 60. झाले 740. दिवसात भरलेल्या 16 फेऱ्या होतील असं धरलं तर फेरीला 46 रुपये, दोघं बसले तर माणशी 23. आता हा आकडा तुमच्या शहरातल्या शेअर रिक्षाच्या भाड्याशेजारी ठेवा. फार वर गेला तर प्रवासी बसणार नाही आणि कुठलाही नियम ही गाडी चालवू शकणार नाही. तेव्हा फेऱ्या वाढवायच्या. पंजाबमधल्या फाजिल्का या छोट्या शहरात 2008 पासून फोनवर रिक्षा बोलवायची सोय झाली; चहाच्या टपऱ्यांनाच फोनचं ठिकाण केलं होतं. चालक रिकामा फिरायचा थांबतो, फेऱ्या वाढतात. आता तर व्हॉट्सअॅपचा एक गट पुरे. दर थांब्याजवळचा चहावाला नाही तर पानटपरीवाला त्यात घ्या.

पैसा आणि विमा

मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. साध्या रिक्षेला ते बऱ्याच अंशी पुरावं. बँकेला परवान्याचा कागद लागतो आणि पालिकेला गाडी लागते, हा तिढा सुटावा म्हणून ठरावात "तत्त्वतः परवाना" देण्याची सोय ठेवा. गुवाहाटीत 2004 मध्ये सुरू झालेल्या रिक्षा बँकेची रीत अशी की चालक रोजचा हप्ता भरत जातो आणि शेवटी गाडी त्याच्या नावावर होते. आपल्याकडे बचत गट किंवा पतसंस्था हे करू शकते. हप्ता रोजचा ठेवा. रोज कमावणाऱ्याला महिन्याचा हप्ता झेपत नाही.

विमा बहुतेक जण विसरतात. मोटार वाहन नसल्यामुळे या गाडीला थर्ड पार्टीची सक्ती नाही. ट्रकनं रिक्षेला ठोकलं तर मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. पण रिक्षा स्वतःच उलटून प्रवाशाचा हात मोडला तर ते दार बंद. म्हणून संघटनेच्या किंवा गटाच्या नावानं प्रवाशांसाठी सामूहिक दायित्व विमा घ्या आणि ही अट परवान्यात घाला. चालकाचा स्वतःचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत होतो, अपघाती मृत्यूला 2 लाख.

ऊन आणि एक अवघड प्रश्न

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. त्या उन्हात माणसानं माणसाला ओढायचं का, हे तुम्हाला कुणी ना कुणी विचारेल. विचारायलाच हवं. माथेरानच्या हातरिक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये माणसाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा घेत त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. हातानं ओढायची गाडी आणि पायडलची गाडी एक नव्हे, पण या प्रश्नातून पायडलवाले आपोआप सुटत नाहीत. मला विचाराल तर खान्देशात मोटरच्या मदतीशिवाय ही गाडी आणूच नये. निव्वळ पायडल फक्त थंडीतल्या प्रयोगापुरती.

नियमात बारा ते चारची सक्तीची बंदी घालू नका, तिचा दंड चालकच भरतो. त्याऐवजी एप्रिल ते जूनमध्ये दुपारी भाड्याचा वेगळा टप्पा, एकाच प्रवाशाची मुभा, आणि थांब्यावर पाण्याची टाकी व सावली ही पालिकेची जबाबदारी म्हणून कलम. चालकाला दुपारी भाडं नाकारायचा हक्क द्या. ऑटोला तो नसतो, इथं असायला हवा.

पहिले सहा महिने

दहा-बारा गाड्यांवर सुरुवात पुरे. दर थांब्यावर वही ठेवा: किती फेऱ्या, कुठून कुठं, भांडण कशावरून. महिन्यातून एकदा वाहतूक शाखेचा हवालदार, ऑटो संघटनेचा एक, चालकांतला एक आणि पालिकेचा एक यांना एकत्र बसवा आणि बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. जळगावात कार्तिकी एकादशीच्या रथोत्सवाला, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला बाजाराचे रस्ते बंद होतात. त्या दिवसांचे पर्यायी थांबे आधी ठरवा, नाही तर त्याच दिवशी पहिली जप्ती होईल.

मुदत संपायच्या महिनाभर आधी वाढीचा अर्ज द्या, वह्यांचे आकडे आणि इतिवृत्तं जोडून. साहेबांची बदली नेमकी याच सुमाराला होते आणि नव्या साहेबांसाठी जुनी फाईल सापडत नाही. आवक क्रमांकांसकट तिची पूर्ण झेरॉक्स आपल्याकडे तयार ठेवा.